पावसाळा लागला की रीफ टँकचा पीएच का घसरतो, आणि तो कसा सावरायचा

जुलै लागला की साताऱ्यात रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाची तक्रार सारखीच असते. मे महिन्यात 8.2 दाखवणारा पीएच आता सकाळी उठून बघावं तर 7.7. दुकानातून पीएच वाढवायची बाटली आणली, दोन झाकणं ओतली, दुपारी 8.1 झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा 7.7. बाटली संपते, पीएच तिथेच. दसऱ्याच्या सुमाराला ऊन पडलं की आपोआप सुधारतो, आपण विसरून जातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच बाटली.

बहुतेक घरांत याचं मूळ पाण्यात नसून घरातल्या हवेत असतं. म्हणून पाण्यात काहीही ओतलं तरी दुखणं जात नाही. उलट ओतलेलं औषधच महिनाभराने नवीन दुखणं होऊन बसतं. कोरल वाचवायची असतील तर आधी कारण शोधायचं आणि मगच हात लावायचा.

पीएच ठरतो कशावर

समुद्राच्या पाण्याचा पीएच मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, आणि दुसरी त्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. हा वायू पाण्यात गेला की कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि पीएच खाली येतो. मोकळ्या हवेत आज कार्बन डायऑक्साइड सुमारे 420 पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग. अल्कलिनिटी 8 डीकेएच (हे तिचं मोजायचं एकक) असलेलं पाणी अशा हवेत भरपूर खळबळवलं तर पीएच 8.2 च्या वर जाऊन थांबतो. तेच पाणी 1000 पीपीएमच्या खोलीत ठेवलं तर 7.9 च्या आसपास, आणि 2000 पीपीएमच्या खोलीत 7.7 पर्यंत उतरतं. ढोबळ हिशेब असा की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की पीएच साधारण 0.3 ने घसरतो. मीठ तेच, पाणी तेच, अल्कलिनिटीही तीच, तरी एवढा फरक पडतो.

आता पावसाळ्यातलं आपलं घर बघा. साताऱ्याला पाऊस पश्चिमेकडून झड मारत येतो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्या जूनमध्ये एकदा लावल्या की सप्टेंबरपर्यंत बंद. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण 34,000 लिटर हवा मावते. झोपलेला मोठा माणूस तासाला 12 ते 15 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघं झोपले आणि खोली पूर्ण हवाबंद असली तर तासाला 700-900 पीपीएमची भर पडेल. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा खेळते, म्हणून आकडा तेवढा चढत नाही, पण पहाटेपर्यंत दीड-दोन हजार सहज होतो. टँक हॉलमध्ये आणि स्वयंपाकघर त्याला लागून असेल तर गॅसचीही भर आलीच: एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सकाळी चहा, डबे आणि पोळ्या एका दमात होतात, खिडकी बंद असते, आणि टँक नेमका त्याच वेळी रात्रभराच्या सर्वांत खालच्या पीएचवर असतो.

गणपतीत तर हे फार स्पष्ट दिसतं. संध्याकाळच्या आरतीला हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं, समया, कापूर, बाहेर पाऊस म्हणून दारं लोटलेली. मीटरवर नजर ठेवलीत तर आरती संपेपर्यंत पीएच उतरायला लागलेला दिसेल, आणि दिवे लागलेले असूनही उतरेल. त्या दिवसांत टँकमध्ये काहीही ओतू नका. पाहुणे गेल्यावर तासभर दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पुरे.

सांगलीच्या मित्रांना हीच अडचण एप्रिल-मे मध्ये येते. विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये दुपारभर एसी चालू असतो आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो. तिथे पावसाळ्याऐवजी उन्हाळ्यात पीएच पडतो, कारण मात्र एकच. एअर प्युरिफायरने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, आणि टँकशेजारी मांडलेल्या चार-सहा कुंड्यांनीही होत नाही. झाडं रात्री स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतात.

आधी मीटर खरं बोलतोय का ते बघा

हा भाग लोक गाळतात आणि त्यापायी महिने जातात. मीटरचा प्रोब (पाण्यात बुडवायचं टोक) नेहमी 7 आणि 10 च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात, कॅलिब्रेट करा. आपल्याकडे 4, 7 आणि 9.2 च्या बफर गोळ्या सहज मिळतात, त्यातल्या 7 आणि 9.2 वापरल्या तरी चालतं. 4 आणि 7 वर कॅलिब्रेट केलेलं मीटर 8 च्या पुढे भरवशाचं राहत नाही, आणि आपला सगळा व्यवहार 8 च्याच आसपास असतो. वरच्या टोकाचा बफर उघडा राहिला की तोही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरतो. त्यामुळे प्रत्येक वेळी ताजा घ्या आणि वापरलेला परत बाटलीत ओतू नका. प्रोब कोरडा ठेवू नका, साध्या आरओ पाण्यातही ठेवू नका. पोटॅशियम क्लोराइडचं साठवणीचं द्रावण मिळतं, त्यात ठेवा. दीड-दोन वर्षांनी प्रोब मंदावतो. बफरमध्ये टाकल्यावर आकडा स्थिर व्हायला मिनिटामागून मिनिट लागत असेल तर बदलायची वेळ झाली असं समजा.

आणखी एक पडताळा. टँकमधलं पाणी काचेच्या पेल्यात काढून, पेला टँकपासून दूर ठेवून पीएच मोजा. पेल्यातला आकडा आणि टँकमधला आकडा यांत लगेचच मोठा फरक दिसला तर एखादा पंप किंवा हीटर पाण्यात वीज गळती करत असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर पीएच बाजूला ठेवा, आधी ते उपकरण शोधून काढा. तुमचा हात त्याच पाण्यात जातो.

मोजायची वेळ ठरवून घ्या. दिवे असताना कोरलमधली शेवाळं आणि टँकमधली इतर शेवाळं कार्बन डायऑक्साइड खातात, पीएच चढतो. रात्री सगळेच श्वास सोडतात आणि पीएच उतरतो. सर्वांत खालचा आकडा दिवे लागायच्या आधी पहाटे, सर्वांत वरचा दिवे मालवायच्या आधी. या दोन वेळांत 0.2 ते 0.3 चा फरक नेहमीचाच आहे. एका दिवशी सकाळी सहाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मोजून तुलना केलीत तर टँक बिघडलाय की सुधारलाय, काहीच कळणार नाही.

मग अल्कलिनिटी

पीएचच्या आधी अल्कलिनिटी मोजली पाहिजे, कारण पुढचा रस्ता तिच्यावरून ठरतो. खऱ्या समुद्रात ती 7 डीकेएचच्या आसपास असते. घरच्या टँकमध्ये साडेसात ते नऊ ठेवावी. तुमची 6 किंवा त्याखाली असेल तर पीएच कमी असणारच. ती हळूहळू वर आणा, दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त नको. यासाठी खाण्याचा सोडा नको, धुण्याचा सोडा वापरा, म्हणजे शुद्ध सोडियम कार्बोनेट. खाण्याच्या सोड्याने अल्कलिनिटी वाढते पण पीएच वाढत नाही, सुरुवातीला किंचित उतरतोच. तोच खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये 150 ते 200 अंशांवर तासभर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं आणि सोडियम कार्बोनेट उरतं. बाजारातली कपड्यांची सोडा पावडर मात्र वापरू नका, त्यात सुगंध आणि साबण मिसळलेला असू शकतो.

अल्कलिनिटी 8-9 आहे आणि तरी पीएच 7.7-7.8, असं असेल तर कारण हवाच, हे जवळजवळ पक्कं. इथेच बाटलीवाले फसतात. त्या बाटल्यांमध्ये मुख्यतः सोडाच असतो. ओतलं की दोन-चार तास पीएच चढतो, मग खोलीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरून त्याला परत खाली ओढतो. अल्कलिनिटी मात्र वाढलेली राहते. पंधरा दिवस रोज ओतलं की ती 12-13 वर जाऊन बसते, कॅल्शियम कार्बोनेटचा थर हीटरवर आणि पंपाच्या पंख्यावर बसायला लागतो, वाळूचे गोळे होतात, आणि कडक कोरलची टोकं पांढरी पडतात. गोडोलीतल्या एका घरी मी पाहिलेला रिटर्न पंप आतून इतका दगडासारखा झाला होता की पातं हाताने फिरत नव्हतं. रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्यावर सुटला. त्या टँकचा पीएच तेव्हाही सकाळी 7.8 च होता.

पेल्याची चाचणी

हवा दोषी आहे की टँक, हे एका तासात ठरवता येतं. टँकमधलं पाणी दोन पेल्यांत काढा. एका पेल्यात एअर स्टोन सोडून तो टँकशेजारीच ठेवा. दुसरा पेला एअर पंपासकट गॅलरीत किंवा गच्चीत ठेवा. पंपही बाहेरच हवा, कारण तो जिथे ठेवलाय तिथलीच हवा ओढतो. पंप घरात आणि नळी तेवढी बाहेर, अशी चाचणी केलीत तर ती चाचणीच नाही. दोन्हीकडे तासभर बुडबुडे चालू द्या आणि मग पीएच मोजा. हे पहाटे करा, तेव्हा फरक सर्वांत ठळक दिसतो.

बाहेरच्या पेल्याचा पीएच 7.8 वरून 8.1-8.2 झाला आणि आतल्याचा जागचा हलला नाही, तर घराची हवा कोंदट आहे. दोन्ही पेले वर चढले तर घराची हवा ठीक आहे, तुमच्या टँकमध्येच हवा पुरेशी मिसळत नाही: स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं यंत्र) लहान आहे, त्याची हवेची नळी मिठाने बुजली आहे, किंवा पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही. दोन्ही हलले नाहीत तर परत मागे जा, प्रोब आणि अल्कलिनिटी पुन्हा तपासा. एवढी साधी चाचणी आहे, पण कोणतंही यंत्र विकत घ्यायच्या आधी ती करायचीच, हे माझं ठाम म्हणणं आहे. कार्बन डायऑक्साइड मोजायचं मीटर असेल तर उत्तमच. घेताना इन्फ्रारेड सेन्सरवालं घ्या. स्वस्तातली काही मीटरं दुसरेच वायू मोजून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज दाखवतात.

बाहेरची हवा आत आणायची कशी

स्किमर हे टँकचं नाक आहे. सगळ्यात जास्त हवा पाण्यात तोच मिसळतो. त्याच्या हवेच्या नळीला लांब सिलिकॉनची नळी जोडून तिचं दुसरं टोक खिडकीबाहेर काढलं की रात्रभर ताजी हवा मिळते, खिडकी बंद ठेवून. खर्च फक्त नळीचा. बहुतेक घरांत एवढ्यानेच पहाटेचा पीएच 0.1 ते 0.2 ने वर येतो.

पण साताऱ्यात हे करताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, टोक पश्चिमेच्या खिडकीतून काढू नका, झडीचं पाणी नळीत जाईल. पूर्वेची किंवा आडोशाची बाजू निवडा आणि बाहेरचं टोक खाली वळवून ठेवा. दुसरी, नळी दोन-तीन मीटरपेक्षा लांब न्यावी लागत असेल तर जाड घ्या. बारीक लांब नळीतून स्किमरला हवा ओढता येत नाही, फेस कमी होतो, आणि मग पीएचही सुधारत नाही आणि घाणही निघत नाही. तिसरी, टोकाला बारीक जाळी लावा आणि ती दर आठवड्याला बघा. कुंभारमाशी अशा नळीत दोन दिवसांत मातीचं घर बांधते.

चौथी सर्वांत महत्त्वाची. पावसाळ्यात डासांसाठी गल्लीत धूर फवारणी होते. त्यात बहुधा पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, आणि ते मासे, कोळंबी, खेकडे यांना अत्यंत विषारी आहे. स्किमर तो धूर थेट पाण्यात घुसळतो. गाडीचा आवाज आला की नळी आत ओढा किंवा स्किमर बंद करा आणि धूर पूर्ण विरेपर्यंत दोन तास तसाच ठेवा. घरातल्या डासांच्या कॉइल आणि मशीनमध्येही याच कुळातली औषधं असतात, टँकच्या खोलीत ती लावूच नका, मच्छरदाणी वापरा. शेताजवळ राहत असाल तर थंडीत उसाचं पाचट पेटवतात त्या दिवशीही नळी आत घ्या.

भाड्याचं घर आहे, नळी बाहेर काढता येत नाही, अशांसाठी सोडा लाइमचा स्क्रबर आहे. पारदर्शक डब्यात सोडा लाइमचे दाणे भरायचे आणि स्किमरची हवा त्यातून ओढायची. दाणे कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात. पांढरे दाणे जांभळे झाले की संपले. इथे एक फसगत होते: संपलेले दाणे काही तास नुसते पडून राहिले की पुन्हा पांढरे दिसायला लागतात. रंग स्किमर चालू असतानाच बघा. स्किमरच्या कपातून बाहेर पडणारी हवाच परत स्क्रबरमध्ये फिरवली तर दाणे बरेच जास्त दिवस पुरतात, कारण ती हवा आधीच स्वच्छ झालेली असते. मात्र कपातलं पाणी डब्यात शिरलं तर दाण्यांचा गोळा होतो, म्हणून मध्ये पाणी अडवायला एक रिकामी बाटली जोडा. दाणे दाहक असतात, उघड्या हाताने हाताळू नका.

निवळीचा आणि बाष्पीभवनाचा घोळ

पीएच घसरायचं दुसरंही एक कारण पावसाळ्याशी बांधलेलं आहे आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. आपल्यापैकी बरेच जण कॅल्शियम आणि अल्कलिनिटी टिकवायला चुन्याची निवळी वापरतात, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं स्वच्छ द्रावण. ती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाते आणि पीएच वर धरते, म्हणून रीफसाठी मला ती सगळ्यात आवडते. सोयीचं म्हणून ती ऑटो टॉप-अपच्या बादलीत भरलेली असते, म्हणजे जेवढं पाणी उडून जाईल तेवढी निवळी टँकमध्ये पडते.

आता मे महिन्यात 200 लिटरच्या टँकवर पंखा लावला की दिवसाला चार लिटर पाणी सहज उडतं. जुलैत हवेत ओल इतकी असते की एक लिटरही उडत नाही. म्हणजे निवळी आपोआप पावपट झाली. एक लिटर पूर्ण तीव्रतेची निवळी 200 लिटर पाण्यात सुमारे अर्धा डीकेएच भर घालते, यावरून हिशेब करा. खिडक्या बंद झाल्या त्याच आठवड्यात टँकचा खुराकही तुटतो, दोन्ही एकदम. माणूस हवेचा उपाय करतो, पीएच अर्धाच सुधारतो, आणि त्याला वाटतं उपाय चुकला. अल्कलिनिटी मोजली असती तर ती रोज थोडी थोडी उतरताना दिसली असती.

यावर उपाय म्हणजे निवळी बाष्पीभवनावर सोडायची नाही. छोट्या डोसिंग पंपाने ठरलेलं माप रात्रीच्या तासांत थोडं थोडं द्या, रात्री दहा ते सकाळी सहा. पीएच तेव्हाच खाली असतो, त्यामुळे दिवसरात्रीचा चढउतारही कमी होतो. बाष्पीभवन त्या मापापेक्षाही कमी असेल तर उरलेली गरज सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणांनी भागवा, नाहीतर खारटपणा उतरत जाईल. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटरने घनता बघाच, 1.025 ते 1.026.

निवळी बनवताना लिटरभर आरओ-डीआय (आरओनंतर रेझिनमधून काढून आणखी शुद्ध केलेल्या) पाण्यात दीड ग्रॅमच्या थोडं वर चूर्ण विरघळतं, त्याहून जास्त टाकलेलं तळाशी बसतं. तळातला गाळ टँकमध्ये जाऊ देऊ नका, फक्त वरचं निवळलेलं पाणी घ्या. बादली झाकलेली ठेवा. उघड्यावर वर जी पातळ साय धरते ती कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे तेवढी निवळी वाया गेली. पानाचा चुना वापरायचा मोह होतो, पण त्यात काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिळतं, तेच घ्या. द्रावणाचा पीएच 12 च्या वर असतो. हातमोजे आणि चष्मा घाला, लहान मुलांच्या हाती बादली लागू देऊ नका.

टॉप-अपचा फ्लोट अडकून सगळी निवळी एकदम टँकमध्ये गेली तर पाणी दुधासारखं होतं आणि पीएच 9 कडे धावतो. घाबरून अर्धं पाणी बदलू नका. निवळी बंद करा, स्किमर आणि हवा जोरात चालू ठेवा; घरातला कार्बन डायऑक्साइड या एकाच वेळी कामाला येतो. पीएच 8.6 च्या आत असेल तर काहीच करू नका. त्याहून बराच वर असेल तर साधं, चव न घातलेलं पिण्याचं सोडा वॉटर थोडं थोडं संपमध्ये (टँकखालच्या जोडटाकीत) ओतून मीटरकडे बघत खाली आणा.

आणखी काही, थोडक्यात

संपमध्ये कीटो (मुद्दाम वाढवायचं हिरवं तंतूदार) शेवाळं असेल तर त्याचा दिवा रात्री लावा, म्हणजे मुख्य टँक अंधारात असताना ते कार्बन डायऑक्साइड खाईल. कॅल्शियम रिॲक्टर वापरणाऱ्यांनी त्यातून येणारं पाणी तपासावं. तो यंत्रातच कार्बन डायऑक्साइड सोडून चालतो, त्यामुळे पीएच थोडा खाली राहतोच.

आरओच्या ताज्या पाण्याचा पीएच 6 आला म्हणून चिंता करू नका. त्या पाण्यात आम्ल पचवायची ताकदच नसते, हवेतल्या जराशा कार्बन डायऑक्साइडने ते उतरतं, आणि मीठ मिसळलं की तो आकडा निरर्थक होतो. बघायचं ते टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, टँकचं पाणी त्याच्या आधीच्या नळीतून घ्या आणि पुढे डीआयचं रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणा. नवीन मिठाचं पाणी रात्रभर ढवळत ठेवा, शक्यतो मोकळ्या हवेत. बंद बाथरूममधल्या ड्रमात ढवळलेल्या पाण्याचा पीएचही कोंदटच निघतो.

लाईट गेली की गणित वेगळं. पंप थांबले की पीएच पडतो, पण मासे मरतात ते ऑक्सिजन संपल्याने. बॅटरीवरचा एअर पंप टँकशेजारी तयार असू द्या, आणि इन्व्हर्टर असेल तर त्यावर दिव्यांच्या आधी वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) जोडा.

पीएच कमी झाला म्हणून कोरल मेलं, आता नवीन स्वस्तात मिळतंय, किनाऱ्यावरून कोणीतरी आणून देतोय, असं कोणी सांगितलं तर घेऊ नका. आपल्या समुद्रातली कडक कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या पाण्यात ती वाढायला वर्षानुवर्षं लागतात. आपल्या टँकसाठी तिथून दगड फोडून आणायचा, हे या छंदात बसत नाही. कागदपत्रं असलेले, टँकमध्ये वाढवलेले कोरलचे तुकडेच घ्या. नवशिक्याला झोआ, मशरूम आणि लेदर या जातींची कोरल पुष्कळ आहेत, आणि 7.8 च्या पीएचवरही ती छान फुलतात.

7.8 म्हणजे आजारपण नव्हे. पहाटे 7.8, संध्याकाळी 8.0, अल्कलिनिटी आठवडाभर जागची हलत नाही, कोरल उघडलेली आहेत, असा टँक मला पीएच 8.3 पण अल्कलिनिटी रोज वेगळी अशा टँकपेक्षा कधीही जास्त निरोगी वाटतो. कमी पीएचला कडक कोरलचा सांगाडा सावकाश वाढतो, इतकंच. पहाटेचा आकडा 7.7 च्या खाली वारंवार जात असेल तरच वरचे उपाय लगेच हाती घ्या, आणि एका वेळी एकच. आधी नळी, चार दिवस मोजा, मग निवळी.

पाऊस उघडला की खिडक्या उघडतात आणि पीएच दोन-तीन दिवसांत 8.1-8.2 होतो. इथे बरेच जण मोजणं सोडून देतात, आणि नेमकं इथेच मोजायला हवं. पीएच वाढला की कडक कोरल वेगाने वाढायला लागतात आणि अल्कलिनिटी जास्त खातात. पावसाळ्यात पुरेसा असलेला डोस ऑक्टोबरात कमी पडतो. दसऱ्यानंतरचे दोन आठवडे दिवसाआड अल्कलिनिटी बघा. ती उतरत असेल तर डोस वाढवा, एका वेळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि पुढची वाढ तीन-चार दिवस थांबून.